जुन्या मोटारीचा सायलेन्सर : घरच्या अंगणातील एक अनुभव

गतवर्षी मार्गशीर्षात एका लग्नकार्यासाठी आम्ही सहकुटुंब इच्छापोरहून नवसारीस गेलो होतो. अंतर चाळीसेक किलोमीटरचे. परतताना रात्र झाली, थंडी पडली, म्हणून मोटारीच्या काचा वर करून घेतल्या. मागच्या आसनावर बसलेली आमची आठ वर्षांची नात वाटेत दोनदा म्हणाली, "आजोबा, डोकं दुखतंय." लग्नघरचे मिष्टान्न आणि दिवसभराची दगदग यांवर बोट ठेवून आम्ही तिची समजूत काढली. तापीवरील पूल ओलांडून घरी पोचतो तोच तिला वांती झाली. सौभाग्यवतींचेही डोके जड झाले होते. त्यांनी सुंठ उगाळून दोघींच्या कपाळास लावली, आणि सकाळी दोघीही ताज्यातवान्या उठल्या. त्यामुळे त्या गोष्टीचा आम्हांस विसर पडला.

पुढील महिन्याभरात असेच आणखी दोनदा घडले. दोन्ही वेळा काचा बंद होत्या, दोन्ही वेळा त्रास मागे बसणाऱ्यांसच झाला, आणि घरी येऊन मोकळी हवा लागताच तो गेला. इतका स्पष्ट हिशेब समोर असूनही, चाळीस वर्षे खातेवह्या तपासणाऱ्या आम्हांस तो जुळविता आला नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. तो जुळविला शेजारच्या आळीतील एका तरुणाने. तो एका गॅरेजात कामास असतो. एके सकाळी आम्ही गाडी सुरू करीत असता तो वाटेवरून जात होता, आवाज ऐकून थांबला, चप्पल काढून जमिनीवर आडवा झाला, गाडीखाली डोकावला आणि बोटास लागलेली काजळी आम्हांस दाखवून गुजरातीत जे बोलला त्याचा आशय असा : "काका, ही गाडी धूर मागे सोडीत नाही, आत बसलेल्यांना पाजते आहे."

हा धूर डोळ्यांस दिसणारा असता तर प्रश्नच नव्हता. पेट्रोल अपुऱ्या हवेत जळले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही, घशास ठसका नाही. फुप्फुसांतून तो रक्तात शिरतो आणि रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा त्या हिमोग्लोबिनलाच जाऊन बिलगतो. ही त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. म्हणजे आमच्या भाषेत सांगावयाचे तर, गाडी भरून उभी आहे, परंतु माल दुसऱ्याचाच. आपल्या मालास जागा नाही. प्रथम डोके दुखते, मग मळमळते, मग झोप येते, आणि ही झोप फार वाईट. इंग्लंडातील जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खाणकामगारांच्या मृत्यूंचा शोध घेताना १८९५ साली या वायूचे परिणाम स्वतःच्या देहावर अजमावून प्रसिद्ध केले. खाणीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी नेण्याची सूचनाही त्याचीच. हवेच्या हजार भागांत दीड-दोन भाग हा वायू मिसळला तर तासाभरात प्राण जाऊ शकतो. आणि जुन्या पेट्रोल मोटारींना प्रदूषण-तपासणीत जी मर्यादा घालून दिलेली आहे ती धुराच्या शंभर भागांत तीन भागांची, म्हणजे हजारात तीस! हा धूर गाडीच्या मागे मोकळ्यावर सुटतो आणि विरून जातो म्हणूनच चालते. तो वाटेतच, बसणाऱ्यांच्या पायांखाली गळू लागला की गोष्ट निराळी.

आमच्याजवळ तपासणीचे प्रमाणपत्र होते आणि त्यावरील तारीख उलटलेली नव्हती. परंतु तपासणीची नळी घालतात ती धूरनळीच्या शेवटच्या तोंडात. वाटेत भोक पडून धूर कोठे गळतो याची दखल ते यंत्र घेत नाही. किंबहुना त्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडा उलट कमी दिसू शकतो. कागद चोख आणि माल खराब, असा हा प्रकार होता.

आता मोटारीविषयी. आमची गाडी म्हणजे १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. ती अद्याप घरात का, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे कुटुंब मूळचे खानदेशातले. भांड्यांच्या धंद्यानिमित्त तापीच्या काठाकाठाने सुरतेस आले आणि पुढे शहर पश्चिमेस वाढले तसे इच्छापोरास स्थिरावले. घरात आलेली पहिली मोटार ती हीच. शिवाय हिच्याशी आपल्या समाजाचेही एक नाते आहे. सोलापुरात १८८२ साली जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि मुंबईस कुर्ल्याला कारखाना काढला. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही कारखानदारींत हात घालणारा तो पुरुष १९५३ साली निवर्तला. इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडून निघालेली ही छोटी गाडी मात्र पुढे नावे पालटीत पद्मिनी झाली आणि सुमारे २००० सालापर्यंत निघत राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. त्या दिवशी आम्हांस वाईट वाटले. परंतु सुटे भाग शोधावयाची वेळ आली तेव्हा त्याचा खरा अर्थ कळला. हजारो टॅक्सीवाल्यांच्या गिऱ्हाइकीवर ज्या मालाचा खप चालतो, तो माल ती गिऱ्हाइकी उठल्यावर दुकानदाराने का भरावा?

धूरनळी गंजते ती बाहेरून, अशी सर्वसाधारण समजूत असते. खाडीवरून येणारा खारा वारा इच्छापोरास आहेच, पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणीही आहे; त्यांचा दोष नाकारता येत नाही. परंतु मोठा शत्रू नळीच्या आत असतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, ते वाफेच्या रूपाने. लांबचा प्रवास असला की सायलेन्सर चांगला तापतो आणि वाफ बाहेर पडते. पण घरापासून दुकान, दुकानापासून देरासर, तेथून घर अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांत सायलेन्सर तापतच नाही. वाफेचे पाणी होते, धुरातील आम्ल त्यात उतरते आणि ते मिश्रण पत्र्याच्या पोटात साचून राहते. पर्युषणाच्या दिवसांत आमची गाडी बव्हंशी उभीच असते. त्या दिवसांत आतला गंज काम करीत राहतो. म्हणून सकाळी गाडी सुरू केली असता मागून पाण्याचे चार थेंब पडले तर घाबरण्याचे कारण नाही. जे पाणी पडत नाही तेच घातक.

दोन वर्षांपूर्वी याच सायलेन्सरला एक भोक पडले होते. तेव्हा ज्या ठिकाणी आम्ही गाडी दाखविली, तेथे भोकावर पत्र्याची पट्टी बसवून, वर लेप फासून, पैसे घेऊन आम्हांस वाटेस लावण्यात आले. आम्हीही स्वस्तात सुटलो म्हणून संतोषाने घरी आलो. आता गाडीखाली पाहता ती पट्टी शाबूत, आणि तिच्या दोन्ही बाजूंस चाळण! आतून कुजलेल्या पत्र्यावर बाहेरून ठिगळ टिकत नाही. या वेळी मॅनिफोल्डपासून शेवटच्या टोकापर्यंत सर्व नळी बदलावयाची, आणि ती आपल्या देखत, आपल्या हातांनी बदलावयाची असे आम्ही ठरविले. त्या तरुणाने रविवारी येण्याचे कबूल केले. परंतु हात आमचे आणि डोळे त्याचे, अशी अट आम्ही घातली.

माल जमविण्यास तीन आठवडे लागले. पुढची नळी आणि सायलेन्सर मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातील बाजारातून एका आप्ताने मिळवून पाठविला. मागची नळी मिळेना, ती जुन्या नळीचा नमुना देऊन येथेच वाकवून घेतली. साध्या पोलादाची घ्यावी की स्टेनलेसची, हा प्रश्न आला. आम्ही भांड्यांचे व्यापारी. आम्हांस वाटले, स्टेनलेस म्हणजे आपल्या डब्या-पातेल्यांचेच. परंतु मोटारीच्या धूरनळीस बहुधा ४०९ प्रतीचे स्टेनलेस वापरतात. भांड्यांच्या ३०४ प्रतीत क्रोमियम शेकडा अठराच्या आसपास, तर यात सुमारे अकरा. यास लोहचुंबक चिकटतो, वरून थोडा तांबूसपणाही येतो. म्हणून ते पोलाद खोटे ठरत नाही. वाकवून घेतलेली नळी आम्ही याच प्रतीची घेतली. गॅस्केट, क्लॅम्प आणि रबरी कड्या मात्र सर्व नव्या घेतल्या. जुन्यातले एकही वापरले नाही.

शनिवारी रात्री प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडविणारे तेल मारून ठेवले. रविवारी सकाळी गाडी अंगणात सपाट फरशीवर घेतली, गिअरमध्ये टाकली, हातब्रेक ओढला आणि पुढच्या चाकांस दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मग जॅकने मागची बाजू उचलून खाली दोन लोखंडी घोड्या दिल्या. येथे एक गोष्ट ठासून सांगतो. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. आणि विटा तर मुळीच नकोत. वीट दिसते भक्कम, परंतु भाराने क्षणात फुटते, आणि त्या वेळी खाली माणूस असतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने तीन विटांवर गाडी ठेवून असेच काम करावयास घेतलेले आम्ही पाहिले आहे. घोड्या दिल्यावर गाडीस बाजूने दोन धक्के देऊन ती हलत नाही ना ते पाहिले, आणि मगच आत शिरलो. नळी रात्रभर थंड झालेली होती. तासाभरापूर्वी चाललेल्या गाडीची नळी हात भाजून काढते. डोळ्यांस चष्मा बांधला. हा आमचा नेहमीचा वाचावयाचा चष्मा नव्हे, बाजूंनी बंद असलेला. पहिली हातोडी मारताच गंजाचे पापुद्रे तोंडावर कोसळले, तेव्हा त्याची किंमत कळली.

मागची नळी विशेष कुरकुर न करता निघाली. सायलेन्सर तिच्याशी गंजून एकजीव झाला होता. त्यास वाचविण्याचे कारण नव्हते, म्हणून करवतीने कापला. कापलेला सायलेन्सर सौभाग्यवतींनी ओट्यावरून पाहिला. आतील कप्प्यांचे पत्रे कुजून त्यांचा भुगा झालेला होता. धुराला या कप्प्यांतून आणि भोकांच्या नळ्यांतून वळणे घ्यावयास लावून त्याचा आवाज जिरवावयाचा, ही युक्ती. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली तिचे पेटंट घेतले होते, आणि तत्त्व आजही तेच आहे. जवळच पायांखालच्या पत्र्यासही रुपयाएवढे एक भोक आढळले. नळीतून गळलेला धूर तेथूनच वर येत होता. मागच्या डिकीच्या झाकणाचे रबरही फाटले होते. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी होते आणि ती असल्या फटींतून धूर आत ओढून घेते. नात नेहमी कोणत्या कोपऱ्यात बसते ते आठवून आम्ही काही वेळ गाडीखाली तसेच पडून राहिलो.

घोटाळा झाला तो शेवटी, मॅनिफोल्डपाशी. तेथील नट वर्षानुवर्षे तापून-निवून घट्ट बसलेले असतात. तरुण सांगत होता, "काका, थोडे घट्ट करा, मग सैल करा, पुन्हा तेल सोडा, घाई नको." आम्ही दोन नट असेच काढले, उत्साह वाढला, आणि तिसऱ्यास पान्यावर लांब पाइप चढवून जोर लावला. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि स्टड मुळापासून तुटला. तरुण काहीच बोलला नाही. ते आम्हांस अधिक लागले. मग मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागला. त्याने तुटका तुकडा ड्रिलने काढून आट्या पुन्हा पाडल्या, नवे स्टड दिले आणि सोबत पितळी नट. पितळ पोलादाशी गंजून बसत नाही, म्हणून या जागी पितळीच नट योग्य. भांड्यांच्या दुकानात पन्नास वर्षे पितळ तोलणाऱ्या घराण्यास हे लेथवाल्याने शिकवावे लागले. एका दिवसाचे काम तीन दिवसांवर गेले आणि आम्ही दुकानात रिक्षाने जात राहिलो.

जुने गॅस्केट खरवडून काढताना ते आम्ही आधी पाण्याने चांगले भिजविले. त्या काळच्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची कोरडी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. नव्या नळ्या बसविताना प्रथम सर्व सांधे सैलच ठेवावयाचे, पुढून मागे नळी जेथे नैसर्गिकपणे बसते तेथे बसू द्यावयाची, आणि मग पुढून आरंभ करून एकेक सांधा आवळीत जावयाचे. एखादा सांधा आधीच आवळला की पुढची सर्व ओळ तिरकी जाते आणि नळी कोठेतरी आसास किंवा तळपत्र्यास आपटू लागते. पेट्रोलची बारीक नळी जेथून जाते तेथे विशेष लक्ष दिले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धूरनळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरांपेक्षा जवळ नसावी. आम्ही दुकानातील मोजपट्टीने अंतर मोजले, ते दोन बोटे अधिकच भरले. पायांखालच्या भोकास मात्र आम्ही हात लावला नाही. तेथे वेल्डिंग लागणार होते, आणि पेट्रोलची टाकी, तिची नळी व ठिणगी यांची गाठ घरच्या अंगणात घालू नये. ते काम जाणत्या वेल्डरकडे बॅटरी सोडवून करून घेतले.

ज्यांच्याकडे नवी वाहने आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. आमच्या गाडीस तो नाही. ज्यांच्या गाडीस आहे त्यांनी असे काम घरी करू नये, कारण त्यात संवेदक आणि विजेच्या जोडण्या असतात. आमच्या जवाहिरी बंधूंस हेही ठाऊक असावे की त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. पांढऱ्या सोन्यावर आपण ज्याचे पाणी चढवितो तेच ऱ्होडियम. त्यामुळे जुना कन्व्हर्टर भंगाराच्या भावाने कोणास देऊ नये, आणि 'हा काढून टाकू, गाडी जोरात पळेल' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तो काढून गाडी चालविणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय ज्या वायूविषयी वर लिहिले त्याचाच बंदोबस्त तो करीत असतो.

बुधवारी संध्याकाळी, फाटक सताड उघडे ठेवून, मोकळ्या अंगणात आम्ही गाडी सुरू केली. नव्या नळीवरचे तेल जळून पहिली दहा मिनिटे धूर निघाला. शेजारणींनी खिडक्या लावून घेतल्या. तो थांबल्यावर तरुणाने जाड चिंधी हातात घेऊन शेवटचे तोंड क्षणभर दाबून धरले. पूर्वी असे केले असते तर मधूनच फुसफुस ऐकू आली असती; आता इंजिनच गुदमरल्यासारखे झाले, म्हणजे सांधे बंद होते. चार दिवस गाडी चालवून, नळी पुरती निवल्यावर, सर्व नट पुन्हा आवळले. तापून-निवून ते हटकून थोडे सैल होतात. दोन नट खरोखरच पाव आटा फिरले.

त्यानंतर आम्ही कार्बन मोनॉक्साइड मोजून आकडा दाखविणारे एक छोटे यंत्र आणविले. ते घरांत लावण्यासाठी मिळते, खिशात मावेल एवढे असते. गेल्या माघात नवसारीस जाण्याचा योग आला तेव्हा ते मागच्या आसनावर नातीच्या हाती दिले. जाताना काचा उघड्या होत्या. येताना रात्री आम्ही मुद्दाम थोडा वेळ त्या वर केल्या. सौभाग्यवतींस हे मुळीच पसंत नव्हते, आणि त्यांचे चुकत होते असेही नाही. नात दर दोन मिनिटांनी मोठ्याने सांगत होती, "आजोबा, शून्य!" सचिन मागे पडले, पूल आला, तोवर तिचा आवाज येत होता. पुलावर तो बंद झाला. आम्ही गाडी बाजूस घेतली, काच खाली केली आणि मागे वळून तिला हाक मारली. यंत्र तिच्या मांडीवर होते, त्यावर शून्यच होते. ती डोळे न उघडता म्हणाली, "आजोबा, झोपू द्या ना."